ल्युबिंकाचा आठवा कप्पा

चौतीस वर्षं मी आरागिरणीत ओंडके फिरवले. माणूस काम करतोय की कामाचं सोंग आणतोय, हे मला त्याच्या पाठीकडे बघून कळतं. म्हणून ल्युबिंका खुर्चीत बसून नऊ आठवडे जे करत होती, त्याला काम म्हणायला मी बराच काळ तयार नव्हतो. आता म्हणतो.

ल्युबिंका माझी शेजारीण. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तेव्हापासून ती माझ्या चुका काढते. पुढे ती शहरातल्या टपाल कचेरीत लागली. खिडकीवर नाही, आतल्या खोलीत, पत्रं लावायला. एकोणतीस वर्षं भिंतीवरच्या लाकडी कप्प्यांसमोर उभी राहिली. उभी, हे लक्षात घ्या. तिथे खुर्ची नव्हती. आमच्या होमोल्येच्या डोंगरात पत्ता लिहायची तऱ्हा अशी : 'देवळाखालच्या, पांढऱ्या घोड्यावाल्या मिलुटिनला'. असलं पत्र ती बरोब्बर पोचवायची. पण ज्याचा उलगडा होत नसे, ते शेवटच्या कप्प्यात ठेवायची. त्यावर चिठ्ठी होती : 'अस्पष्ट'.

"अंदाजाने टाकलेलं पत्र हरवलेल्या पत्राहून वाईट," ती म्हणायची. "हरवलेलं निदान कुणीतरी शोधतं."

निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. ल्युबिंकाने वाचनालयात पेन्शनरांसाठी निघालेल्या कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं.

मी विचारलं, "या वयात काय करणार आहेस त्याचं?"

"तू त्या फोरमवर काय काय थापा मारतोस ते वाचणार."

फोरम म्हणजे देशभरातल्या मधपाळांचा कट्टा. माझं तिथलं नाव 'करवत'. कुठे काय फुललं, कुणाची राणीमाशी उडाली, असं सगळं तिथे चालतं. एकाने गांधीलमाश्यांवर उपाय विचारला की चाळीस जण उत्तर देतात, आणि त्यातले पस्तीस एकमेकांशी भांडत असतात. मी रोज सकाळी कॉफीबरोबर वाचतो. मन हलकं होतं.

ल्युबिंकाचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वरच्या मजल्यावर तिची मुलगी यास्ना, जावई तिहोमिर आणि दोन नाती राहतात. तिहोमिरने अंगणातल्या गोठ्याची कार्यशाळा केली. तिथे तो मधमाश्यांसाठी साखरेच्या वड्या करतो. साखर पिठासारखी दळायची, मधात घालायची, बेकरीतून आणलेल्या जुन्या यंत्रात तिंबायची, किलोकिलोच्या सपाट वड्या थापून गुंडाळायच्या. हिवाळ्यात पेटीचं झाकण काढून चौकटींवर एक वडी ठेवली की माश्या खालून चाटत बसतात आणि वसंतापर्यंत तग धरतात. साखर तो पन्नास किलोच्या पोत्यांनी उचलतो. त्याची पाठ मी बघितली आहे. माणूस खरा आहे.

गेल्या हिवाळ्यात मात्र जानेवारीअखेरीस पहिलं ऊन पडलं, आम्ही झाकणं उघडली, आणि आत मेलेल्या माश्यांचा खच. माझ्या नऊ पेट्या गेल्या. शेजारच्या गावात तेच. त्या आठवड्यात फोरम नुसता पेटला. कुणीतरी लिहिलं : 'मी होमोल्येच्या तिहोमिरची वडी घातली होती. सात गेल्या.' खाली दुसरा : 'मीसुद्धा तीच.' तिसरा : 'वडीत काहीतरी आहे.' चार दिवसांत 'काहीतरी'चं विष झालं.

आमच्या मधपाळ संघाचा अध्यक्ष वुकाशिन. वय सत्तर, पूर्वी ट्रकवर होता, मिशी अजून ट्रकवरच आहे. त्याने दुकानासमोर जाहीर केलं की एप्रिलमधल्या सभेत तिहोमिरचं नाव संघाच्या यादीतून काढायचं आणि देशातल्या बाकी सगळ्या संघांना तसं पत्र धाडायचं. असं पत्र एकदा निघालं की इथपासून हंगेरीच्या सीमेपर्यंत त्याच्या वडीला कुणी हात लावणार नाही.

तिहोमिरला हे सांगावं लागलं नाही. त्याने ऑस्ट्रियात, लिंट्झला, चुलतभावाला फोन केला. मेपासून बांधकामावर परांचीवर काम होतं, एका खोलीत एक खाट होती. घर मिळालं की यास्ना आणि मुली मागोमाग. आमच्या खोऱ्यात निम्मी घरं अशा परदेशी गेलेल्यांचीच आहेत. तिमजली, दारात दगडी सिंह, आणि अकरा महिने खिडक्या बंद.

ल्युबिंका कुंपणापाशी आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "वडीने मारलं असेल तर जाऊ देत. मी बॅगा भरून देते. पण मारलं नसेल तर का जायचं?"

"ते कसं कळणार?"

"सगळे बोलतायत ना फोरमवर? त्यांचंच बोलणं लावून बघते."

तिने आधी फोरम सांभाळणाऱ्याला पत्र लिहिलं. तो सुबोटिकाचा एक मास्तर. त्याचं उत्तर आलं : 'खुशाल घ्या बाई, फक्त दुपारी जेवणाच्या वेळी नको, तेव्हा सगळे येतात आणि यंत्र म्हातारं आहे.' वाचनालयातल्या बाईंनी एक छोटा प्रोग्राम लावून दिला. त्याने चाळीस मिनिटांत चार हजार तीनशे सोळा संदेश ओढून तक्त्यात आणून टाकले.

"झालं तर मग," मी म्हणालो. "चाळीस मिनिटं. मी एवढ्यात एक ओंडकासुद्धा सोलत नव्हतो."

"ये इकडे. बघ."

बघितलं. नुसता राडा. फोरमवर माणूस उत्तर देताना आधीच्याचं बोलणं वर जसंच्या तसं ठेवतो. वुकाशिनने एकदा लिहिलं होतं 'माझं सगळं संपलं', आणि त्याची समजूत काढायला चौदा जणांनी तेच वाक्य वर ठेवून खाली 'धीर धर' लिहिलं होतं. यंत्राच्या हिशेबी पंधरा माणसांचं सगळं संपलं होतं. शिवाय प्रत्येकाची सहीची ओळ. माझी आहे : 'वीसेक पेट्या, होमोल्ये, पाठ अजून शाबूत'. मी नुसतं 'बरोबर' लिहिलं तरी खाली ती ओळ येते. यंत्राने मला साठ वेळा वीस पेट्या दिल्या होत्या.

"यंत्र हमाल आहे," ल्युबिंका म्हणाली. "गोण्या आणून टाकतं. लावायचं मलाच."

तिने सात कप्पे केले. कोण. कुठला. पेट्या किती. मेल्या किती. खायला काय घातलं. किडीवरची औषधी पट्टी कधी घातली. आणि सातवा, अस्पष्ट. आधी वर ठेवलेली दुसऱ्यांची वाक्यं उडवली, मग सह्या बाजूला काढल्या, मग एकेक संदेश वाचायला बसली. सकाळी सहा ते बारा. जेवण. पुन्हा चारपर्यंत. रविवार धरून.

आमची माणसं सरळ लिहीत असती तर आठवड्यात संपलं असतं. पण एक लिहितो 'निम्म्याला मुकलो'. दुसरा 'एका हाताची बोटं, अंगठा सोडून'. तिसरा 'अक्रोडाखालची एक सोडून सगळ्या'. एकाने लिहिलं होतं, 'माझ्या अंगणात आता शांतता आहे.'

"शांतता म्हणजे किती, रे स्तानो?" तिने कुंपणावरून ओरडून विचारलं. माझं नाव स्तानिमिर.

"सगळ्या गेल्या असतील. विचार की त्याला."

"विचारायचं नाही. विचारलं की माणूस उत्तर इस्त्री करून देतो. अस्पष्ट."

मी तेव्हाही याला काम म्हणत नव्हतो. मग एकदा चारच्या सुमाराला तिच्याकडे करवतीचं तेल मागायला गेलो. ती त्या दिवशी लावलेल्यातले वीस संदेश, आधीचं उत्तर झाकून, पुन्हा पहिल्यापासून लावत होती. मग झाकण काढून ताडून बघत होती. एकाहून जास्त ठिकाणी फरक आला तर अख्खा दिवस पुन्हा.

"आजचा?" मी विचारलं.

"दोन चुकले. पुन्हा."

गिरणीत आम्ही दर विसावी फळी मोजायचो. दोन मिलिमीटर सुटली की पातं थांबवायचं. मी तेल न मागताच घरी आलो.

मार्चच्या शेवटी पहिला हिशेब लागला. तिने मला बोलावलं, कारण तिच्या मते साक्षीदार शेजारचा असावा. स्वयंपाकघरात तिहोमिर, यास्ना आणि मी. कॉफी झाली. ल्युबिंकाने चष्मा लावला.

"धड लागलेले मधपाळ दोनशे बारा. त्यांतल्या सत्तेचाळीस जणांनी तिहोमिरची वडी घातली. त्यांच्या शंभरातल्या बेचाळीस पेट्या गेल्या. ज्यांनी दुसरं काही घातलं, त्यांच्या शंभरातल्या चोवीस."

यास्ना उठली आणि धुतलेले कप धुवायला लागली.

तिहोमिर म्हणाला, "सासूबाई, हे कुणाला दाखवणार?"

"सभेत. सगळ्यांना."

"तुम्ही माझ्या सासूबाई आहात की वुकाशिनच्या?"

"मी टपालातली आहे. वाईट बातमीचं पत्र आहे म्हणून फाडून टाकत नाही."

तिहोमिर हसला. दुसरं काय करणार. मला म्हणाला, "काका, परांचीवर चढायला कसले बूट लागतात हो?"

"जाड तळाचे. घोट्याच्या वरपर्यंत." विचारलं तर सांगायला हवं.

सभेला दोन आठवडे होते. दुसरी एखादी असती तर तक्ता मिटून बॅगा शोधायला माळ्यावर चढली असती. ल्युबिंकाने दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा दिवा लावला. आता तिने तीच माणसं गावाप्रमाणे लावली. आमच्या खोऱ्यात एकोणीस जण असे निघाले की त्यांनी वडी घातलीच नव्हती. कुणी स्वतःचा मध ठेवला होता, कुणी दुकानातली दुसरी वडी. त्यांच्या गेल्या शंभरात एक्केचाळीस.

"वडी न घालता एक्केचाळीस," ती कुंपणाला टेकून म्हणाली. "आणि तिकडे मैदानात, नदीपल्याड, वीस. म्हणजे एक तर आपल्या खोऱ्याची हवा वाईट, नाहीतर आपल्या खोऱ्याची जीभ."

"हवा वाईट नाही," मी म्हणालो.

"तुझ्या पेट्या किती, रे?"

"असतील वीसेक."

आता इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे पेट्यांचा आकडा सांगत नाहीत. मी सात वर्षांचा असताना बापाच्या पेट्या बोट दाखवून मोजत होतो. बापाने त्या बोटावर काठी मारली, तीनदा थुंकायला लावलं आणि म्हणाला, "मोजायचंच असेल तर स्वतःचे दात मोज. मोजलेल्या पेटीला दृष्ट लागते." तेव्हापासून कुणी विचारलं की मी निम्म्या सांगतो. माझा बाप निम्म्या सांगायचा, त्याचा बाप तिसरा हिस्सा सांगायचा. यात खोटं असं काही नाही. समोरचाही आपल्या सोयीने दुप्पट करून घेतो. मैदानातली माणसं वेगळी. तिकडचा सेंटा गावचा पाल नावाचा मधपाळ बेधडक लिहितो, 'एकशे बारा'. आम्ही वाचतो आणि त्याच्यासाठी आम्हीच थुंकतो.

मेलेल्यांचा आकडा मात्र खरा सांगायचा. मेलेल्याला कसली दृष्ट?

ल्युबिंकाला हे ठाऊक होतं. तीही इथलीच. पण तिच्या घरात माश्या कधी नव्हत्या, आणि फोरमवर लिहिलेला आकडा म्हणजे छापील आकडा, असं तिच्या मनाने धरलं होतं. पेन्सिल कानाला लावून ती माझ्या परसाकडे बघत राहिली. मी मध्ये येऊन उभा राहिलो.

"काय बघतेस?"

"काही नाही. पट्ट्या कधी घातल्यास तू शरदात?"

"उशीर झाला जरा. प्लमच्या दारूची, राकियाची, भट्टी लावायची होती. पण घातल्या एकदाच्या. शहात्तर पट्ट्या, एका सकाळी! प्रत्येक झाकण उचल, पट्टी अडकव, झाकण ठेव. कमरेचा काटा ढिला झाला. आजकालची पोरं दोन दिवस लावतील."

"शहात्तर."

"शहात्तर. फोरमवर लिहिलंय मी."

"आणि एका पेटीत पट्ट्या किती घालतात?"

"दोन," मी म्हणालो, आणि तोंड मिटलं. पण गाय गोठ्याबाहेर गेली होती.

ल्युबिंका एवढी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. "अरे गाढवा! पेट्या लपवतोस आणि घाम मिरवतोस!"

त्या क्षणी आठवा कप्पा झाला. पट्ट्या किती.

आपल्या माणसांचं वर्म तिला सापडलं होतं. खोऱ्यातला माणूस आपलं धन निम्मं सांगेल, पण कष्ट? कष्टातला एक खिळासुद्धा तो सोडणार नाही. मी स्वतःवरून सांगतो. तिने ऑगस्टपासूनचे संदेश पुन्हा ओढले आणि पहिल्यापासून वाचायला बसली. या वेळी फक्त घाम शोधत. 'चव्वेचाळीस पट्ट्या, बोटं सुजली.' 'शंभर पट्ट्या, बायकोने जेवण पेट्यांपाशी आणलं.' जिथे पट्ट्यांचा आकडा नव्हता तिथे कप्पा रिकामा. मी म्हणालो, "अगं, सगळे निम्मेच सांगतात. उरलेल्यांचं दुप्पट करून टाक."

"अंदाजाने?" तिने चष्म्यावरून बघितलं.

सभा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला, गावच्या सांस्कृतिक भवनात. साठेक माणसं. तिहोमिर दाराजवळच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर. वुकाशिनने टेबलावर पाण्याचा पेला ठेवून विषय वाचला आणि म्हणाला, "मतदानाआधी ल्युबिंकाबाईंना बोलायचंय म्हणे. जावई आहे, बोलू द्या."

ल्युबिंका उभी राहिली. हातात दोन कागद. आवाज वाढवला नाही.

"वडी घातलेल्या सत्तेचाळीस जणांतल्या एकतीस जणांनी शरदात किती पट्ट्या घातल्या ते लिहिलंय. त्यांनी सांगितलेल्या पेट्यांची बेरीज सहाशे दहा. पट्ट्या दोनाने भागल्या की पेट्या होतात एक हजार दोनशे वीस. मेल्या दोनशे अठ्ठावन्न. सांगितलेल्या पेट्यांवर शंभरात बेचाळीस. खऱ्या पेट्यांवर एकवीस. मैदानातल्यांच्या पट्ट्या आणि पेट्या जुळतात, त्यांच्या गेल्या वीस. उरलेल्या सोळा जणांबद्दल मला माहीत नाही. ते अस्पष्ट."

भवनात खुर्च्या करकरल्या. माणसं छताकडे बघायला लागली.

"कागदावर काय, मीही लिहितो की माझ्या कोंबड्या दूध देतात," वुकाशिन म्हणाला. "नावं सांग. कोण ते एकतीस खोटारडे?"

"नावं सांगणार नाही."

"फोरमवर सगळ्यांना दिसतायत की!"

"दिसतायत तर वाचा. मी दुसऱ्याचं पत्र चारचौघांत वाचून दाखवत नाही. एकोणतीस वर्षांत दाखवलं नाही."

"नावं नाहीत तर आकडे कसले? हात वर करा, यादीतून काढायचं कोण म्हणतं?"

मागच्या रांगेत हात वर जायला लागले. आठ, दहा. मी तिहोमिरकडे बघितलं. तो पाठ वाकवून बसला होता, जसा माणूस ओझं खांद्यावर यायच्या आधी बसतो. तसली पाठ मी गिरणीत चौतीस वर्षं बघितली आहे. आणि ल्युबिंका. तिच्या कागदावर मी होतो, साठ वेळा होतो, आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

माझा बाप कबरीत कूस बदलणार होता. मी उभा राहिलो.

"अडतीस," मी म्हणालो.

"काय अडतीस?" वुकाशिनने विचारलं.

"पेट्या. माझ्या. फोरमवर वीसेक लिहिल्या. होत्या अडतीस. गेल्या नऊ." आणि डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकलो. मागे बसलेल्याने पाय काढून घेतले.

मी सगळ्यांसमोर विजार उतरवली असती तरी माणसं एवढी बावरली नसती.

वुकाशिन मिशीतल्या मिशीत हसला. "आमचा स्तानो म्हातारा झाला. हिशेब चुकतो बिचाऱ्याचा."

आता मी सांगितलंच आहे की कामाच्या बाबतीत मी सोडत नाही. फोरमवर वुकाशिनने सप्टेंबरमध्ये काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं, कारण तेव्हापासून ते मला टोचत होतं.

"वुकाशिन, तू पट्ट्या किती घातल्यास रे?"

"दोनशे चाळीस," तो छाती काढून म्हणाला. "एका दिवसात."

"थापा."

"काय?"

"सत्तराव्या वर्षी दोनशे चाळीस? तुझ्या भाच्याने घातल्या असतील. तू सावलीत बसून मिशी विंचरत असशील."

वुकाशिनचा चेहरा बिटासारखा लाल झाला. "भाचा त्या दिवशी गावात नव्हता! एकट्याने! उजाडायच्या आत सुरू केलं ते दिवेलागणीपर्यंत! पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायलो!"

"मला नाही पटत."

"आईशप्पथ!" त्याने टेबलावर मूठ आपटली, पेला उडाला. "दोनशे चाळीस! एकट्याने!"

आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, साठ माणसांचे ओठ एकाच वेळी हलले. सगळे दोनाने भागत होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "एकशे वीस. आणि आम्हाला साठ सांगतोस होय रे, अध्यक्ष?"

भवन जे फुटलं ते पाच मिनिटं थांबेना. वुकाशिन सांडलेलं पाणी बाहीने पुसत होता. माझ्या शेजारचा वाकून माझ्या कानात म्हणाला, "बावन्न," आणि पटकन थुंकला. त्याच्या पलीकडच्याने नुसती बोटं दाखवली. वर गेलेले हात कधी खाली आले ते कळलंच नाही.

हसू ओसरल्यावर पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "वडीने नाही, तर मग मारलं कशाने?"

ल्युबिंकाने दुसरा कागद वर घेतला. "मी डॉक्टर नाही. पण तारखांचा कप्पा आहे. मोठ्या गोस्पोयिनाच्या सणाआधी, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत, ज्यांनी किडीवरच्या पट्ट्या घातल्या, त्यांच्या शंभरातल्या बारा गेल्या. ज्यांनी नंतर घातल्या, त्यांच्या चौतीस. वडी कुठलीही असो."

साठांपैकी निम्मे लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मीही. सगळ्यांच्या राकियाची भट्टी एकाच वेळी लागते.

वुकाशिनने घसा साफ केला. "विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात येत आहे." आमच्या खोऱ्यात याचा अर्थ विषय पुरण्यात आला आहे. मग तो खुर्च्यांमधून वाट काढत तिहोमिरपाशी गेला आणि म्हणाला, "शरदात माझ्या वड्या ठेव." किती, ते सांगितलं नाही. तिहोमिरनेही विचारलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर ल्युबिंका मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं उठायला?"

"कुणी नाही."

"मग?"

"नऊ आठवडे," मी म्हणालो. "रविवार धरून." यापेक्षा जास्त मला सांगता आलं नाही. तिला ते पुरलं असावं, कारण घरी जाताना तिने माझ्या एका चुकीवरही बोट ठेवलं नाही, आणि वाट चांगली वीस मिनिटांची आहे.

लिंट्झच्या त्या खाटेवर दुसराच कुणी झोपला. तिहोमिर इथेच आहे. शरदातली पहिली वडी त्याने मला आणून दिली, भेट म्हणून. मी ती काट्यावर ठेवली. एक किलो वीस ग्रॅम. ठीक आहे.

फोरमवर तिहोमिरबद्दल एकाने चुकलो असं लिहिलं. बाकीचे पुढच्या भांडणाकडे वळले. ल्युबिंका अजून वाचते, सहा ते बारा. आता तिने चारपर्यंतचं बंद केलं आहे. सुबोटिकाच्या मास्तरने तिला विचारलं की दर वर्षी असा तक्ता कराल का, आणि ती हो म्हणाली. टपाल कचेरीतून काढून टाकलेलं एक जुनं लाकडी कप्प्यांचं फडताळ तिच्याकडे आहे. त्यात मुरंब्याच्या बरण्या असतात. आठ कप्पे, मी मोजले. मुरंबा मोजायला हरकत नाही.

या वर्षी मी राकिया मागे ठेवली. वीस ऑगस्टला पहाटे सुरू केलं, दुपारी संपवलं. वसंतात काही पेट्यांच्या दोन केल्या होत्या, थवेही दोनतीन धरले. संध्याकाळी फोरमवर लिहिलं : 'हवा बरी. पट्ट्या घातल्या. पेट्या असतील वीसेक.'

कुंपणापलीकडून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"स्तानो! पट्ट्या किती?"

मी उत्तर देणार नव्हतो. खरंच नव्हतो. पण उन्हात सात तास वाकून उभा होतो, कमर धरली होती, आणि अख्ख्या दिवसात कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

"चौऱ्याऐंशी!" मी ओरडलो. "एकट्याने!"

खिडकी बंद झाली. मी तीनदा थुंकलो आणि जेवायला आत गेलो.